डोळ्याच्या चिठ्ठीवर इतके ड्रॉप का असतात? (मोतीबिंदू, डोळे येणे, काचबिंदू सगळंच)

मीठमिरची | सोमवार, सकाळी 10:42

नमस्कार मंडळी. आईचं (वय 71) उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या मंगळवारी झालं. ट्रस्टचं हॉस्पिटल, फेको (छोट्या चिरेतून मोतीबिंदू काढायची पद्धत) करून लेन्स टाकली, सगळं व्यवस्थित पार पडलं, त्याबद्दल तक्रार काहीच नाही. पण घरी येताना जी औषधाची पिशवी हातात दिली ती बघून मी चक्रावलेच. मॉक्सीफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) आणि डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) एकत्र असलेली एक बाटली, नेपाफेनॅकची एक, डोळा ओला ठेवायची ती कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजची एक, वर पाच दिवस सिप्रोफ्लॉक्सासिनच्या (हेही अँटिबायोटिकच) गोळ्या, दुखण्याची गोळी, आणि ती ॲसिडिटीची गोळी जी आता कुठल्याही चिठ्ठीवर हळदीकुंकवासारखी असतेच. मोजलं तर सहा औषधं.

आई हुशार, तिने तिन्ही बाटल्यांना रबर लावलेत, एक रबर म्हणजे पहिली, दोन म्हणजे दुसरी असं. तरी दुपारी झोपेतून उठल्यावर रोज गोंधळ होतोच की आता कुठली घालायची.

शेजारच्या काकूंना दुसऱ्या हॉस्पिटलात दोनच बाटल्या दिल्या होत्या, त्यांचाही डोळा ठणठणीत. मग हे सगळं खरंच लागतं का, का लिहायचं म्हणून लिहितात? इथे डॉक्टर, मेडिकलवाले आहेत म्हणून विचारतेय.

बंड्या_परत_आला | सोमवार, सकाळी 11:05

ताई, सोपं आहे. एमआर (औषध कंपनीचा माणूस) आला, पेन दिलं, चहा झाला, बाटली वाढली. धागा संपला 😀

काउंटर_नंबर_चार | सोमवार, दुपारी 1:20

बंड्याभाऊ, इतकं सोपं नाहीये. मी 14 वर्षं डोळ्याच्या ओपीडीच्या औषध खिडकीवर बसतोय, आधी सरकारी, आता खाजगी. सांगतो काय दिसतं ते.

सरकारीत चिठ्ठी डॉक्टर लिहितो हे अर्धंच खरं. सकाळी आम्ही वर निरोप पाठवायचो की आज सिप्रोचे ड्रॉप आहेत, टोब्रामायसिन संपलं, स्टिरॉइडमध्ये प्रेडनिसोलोन नाही, डेक्सा आहे. की त्या दिवशी सगळ्यांना तेच. सिप्रोचे खोके एक्स्पायरीला आले की तर विचारूच नका. म्हणजे चिठ्ठीत जो पॅटर्न दिसतो तो बऱ्याचदा गोडाऊनचा पॅटर्न असतो. खाजगीत गोडाऊनच्या जागी कंपनी येते एवढाच फरक, तिथे बंड्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

दुसरं, बाटलीचं गणित. ताई, आईंच्या त्या एकत्र बाटलीवर 6-5-4-3-2-1 असं लिहिलंय का? म्हणजे पहिला आठवडा रोज सहा वेळा, दुसरा पाच, असं उतरत? मग आठवड्याला 42, 35, 28 असं करत एकूण 147 थेंब होतात. 5 मिलीच्या बाटलीत साधारण 100 ते 140 थेंब असतात, आणि हात थरथरणाऱ्या माणसाचे निम्मे गालावर जातात. शिवाय उघडलेली बाटली महिन्यानंतर वापरायची नसते. म्हणजे चौथ्या पाचव्या आठवड्यात दुसरी बाटली लागणारच. ती आणायला नातू मेडिकलात जातो, रिकामी बाटली दाखवतो, दुकानदार तीच देतो. तिथून पुढे हिशोब कोणाकडे नसतो. नवी बाटली आहे ना, मग संपेपर्यंत घालत राहतात.

मीठमिरची | सोमवार, दुपारी 1:48

हो हो, 6-5-4-3-2-1 हेच आहे! पण कधी बंद करायचं ती तारीख नाही लिहिलेली. नेपाफेनॅकवर तर नुसतं "3 वेळा", बास. किती दिवस ते नाहीच.

निवांत_डॉक | सोमवार, रात्री 9:30

ओपीडी संपवून आत्ता बसलो. मी नेत्रतज्ज्ञ, कोल्हापूर जिल्ह्यात प्रॅक्टिस. आपल्याच लोकांवर टीका होईल, पण खरं लिहितो.

ऑपरेशननंतर स्टिरॉइड लागतंच. आत सूज येते ती दाबायला, आणि एकदम बंद केलं तर सूज परत येते म्हणून चार ते सहा आठवडे उतरवत न्यायचं. नेपाफेनॅक पडद्याला सूज येऊ नये म्हणून, डायबेटिसवाल्यांना तर नक्कीच, धडधाकट डोळ्याला प्रत्येकाला हवंच असं नाही, इथे मतं वेगळी असतात. ओलाव्याचे ड्रॉप लक्झरी म्हणा, पण ऑपरेशननंतर डोळ्यात खडे टोचल्यासारखं होतं तेव्हा पेशंटला खरा आराम त्यानेच पडतो. तोंडाने सिप्रोच्या गोळ्या साध्या, गुंतागुंत न झालेल्या केसला लागत नाहीत. मी बंद करून बरीच वर्षं झाली.

आता अँटिबायोटिक ड्रॉप. डोळ्यात पू होण्याची भीती (एंडोफ्थॅल्मायटिस) ही आमची सगळ्यात मोठी, एका रात्रीत डोळा जातो. पण ती टाळणाऱ्या गोष्टी घरच्या बाटलीत फारशा नाहीत, त्या टेबलावरच होतात. ऑपरेशनच्या आधी पोव्हिडोन आयोडीन 5 टक्के डोळ्यात, आणि शेवटी डोळ्याच्या आत मॉक्सीफ्लॉक्सासिनचं छोटं इंजेक्शन. मदुराईच्या अरविंद नेत्र हॉस्पिटलवाल्यांनी 2017 मध्ये सहा लाखांवर ऑपरेशनांचा हिशोब छापला, इंजेक्शन न दिलेल्यांत इन्फेक्शन 0.07 टक्के, दिलेल्यांत 0.02 टक्के. एवढा मोठा आकडा जगात फार कमी जणांकडे असेल. मग घरी अँटिबायोटिक आठवडाभर पुरे.

पण ताईंच्या आईला मिळालीय ती एकत्र बाटली. आता बघा गंमत. स्टिरॉइड सहा आठवडे उतरवायचंय म्हणून अँटिबायोटिकही त्याच्या शेपटीला बांधून सहा आठवडे चाललं, तेही उतरत, शेवटच्या आठवड्यात दिवसाला एक थेंब! अँटिबायोटिक असं उतरवून देतात का कधी? जंतू मारायला तो डोस कमी आणि जंतूला शिकवायला भरपूर. एकत्र का लिहितात तर म्हाताऱ्या माणसाला एक बाटली कमी, म्हणून. हेतू चांगला, आणि मीही लिहितो, खोटं कशाला बोलू. पण दहाव्या दिवशी तपासायला येतात तेव्हा ती बदलून नुसत्या स्टिरॉइडची द्यायची. गर्दीत ते राहून जातं.

फार्माकट्टा | मंगळवार, सकाळी 8:15

डॉक, अगदी. मी मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते, आमच्याकडे एमडीची पोरं दरवर्षी "नेत्रविभागातल्या चिठ्ठ्या" हा विषय थीसिसला घेतातच, कारण पेशंटला हात लावायचा नाही, केसपेपर बघायचे आणि मोजायचं.

मोजतात काय? जागतिक आरोग्य संघटनेची 1993 ची निर्देशकांची यादी आहे. एका चिठ्ठीत सरासरी किती औषधं, किती जेनेरिक (कंपनीच्या नव्हे, मूळ औषधाच्या) नावाने, किती चिठ्ठ्यांत अँटिबायोटिक, किती इंजेक्शनं, किती आवश्यक औषधांच्या यादीतली. मग शेवटी सरासरी 1.6 ते 1.8 असावी असं कुठूनतरी उचललेलं वाक्य टाकायचं आणि आपल्या हॉस्पिटलात जास्त आहे म्हणून हळहळायचं. पण हे निर्देशक गावच्या सर्दी-ताप-जुलाबाच्या दवाखान्यासाठी बनले होते हो. मोतीबिंदूच्या चिठ्ठीला लावले तर प्रत्येक डोळ्याचा सर्जन गुन्हेगार दिसतो.

आणि उलटही होतं. डॉक म्हणाले त्या एकत्र बाटलीने चिठ्ठीवरचं औषध "एक" मोजलं जातं, सरासरी खाली येते, आमचा आलेख गोंडस दिसतो. आत दोन औषधं आणि त्यातलं एक पाच आठवडे जास्त चाललेलं, ते आकड्यात कुठेच नाही.

मी पोरांना एकच सांगते, बाकी राहू दे, "किती दिवस" हा रकाना भरलाय का तो बघ. नाव असतं, डोळा उजवा का डावा असतो, किती वेळा असतं, आणि मग हा रकाना कोरा. इथेही ताईंनी आपणहून तेच सांगितलं बघा.

बंड्या_परत_आला | मंगळवार, सकाळी 9:02

जेनेरिक नावाने का नाही लिहीत मग? कायदा आहे ना?

फार्माकट्टा | मंगळवार, सकाळी 9:40

2016 पासून नियमात आहे, जेनेरिक नाव, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरात. मग 2 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कडक नियम आणला आणि 23 ऑगस्टला तोच स्थगित केला, जेमतेम तीन आठवडे टिकला. डॉक्टरांचं म्हणणं असं की मी जेनेरिक लिहिलं की कुठली कंपनी द्यायची ते दुकानदार ठरवणार, त्याच्या मार्जिनवर. डोळ्याच्या बाबतीत ही भीती मला थोडी पटते, थेंब जंतुविरहित असायलाच हवा. 2023 मध्येच अमेरिकेत आपल्याकडून गेलेल्या ओलाव्याच्या ड्रॉपमुळे स्यूडोमोनास नावाच्या जंतूचं इन्फेक्शन पसरलं, काहींची दृष्टी गेली. औषध नसलेला नुसता ओलावा होता तो. पण म्हणून महाग ब्रँड म्हणजे शुद्ध असंही नाही.

उसाचा_फड | मंगळवार, दुपारी 12:30

आमच्याकडचं सांगतो. तोडणीच्या वेळी उसाचं पान डोळ्याला लागतं, सर्रास. माझ्या चुलतभावाला लागलं, डोळा लाल, पाणी. गावातल्या मेडिकलातनं ड्रॉप आणला, दोन दिवस गार वाटलं, लाली पण गेली, म्हणून परत फडात. आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका. तालुक्याला नेला तर ते म्हणाले बुरशी आहे आणि तुम्ही जो ड्रॉप घातला त्यात स्टिरॉइड आहे, त्यानं बुरशीला खतपाणीच मिळालं. मग नाटामायसिन म्हणून पांढरं औषध, बाटली हलवून तासातासाला घालायचं, रात्री पण. वहिनी गजर लावून उठायची. डोळा राहिला पण मधोमध फूल पडलं ते पडलंच. त्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली नव्हती, आणि आम्हीबी कुठली दाखवायला नेली होती.

निवांत_डॉक | मंगळवार, रात्री 10:05

फडदादा, हे आमच्या भागात प्रत्येक हंगामात. शेतातली काडी, पान, माती लागून आलेल्या डोळ्याला स्टिरॉइड विषासारखं. लाली जाते म्हणून बरं वाटतं, आत बुरशी पसरते. नाटामायसिन 5 टक्के जुनं औषध आहे, पण 2013 मध्ये अरविंदमध्येच नवीन महागड्या व्होरिकोनाझोलशी तुलना झाली तेव्हा जुनंच सरस ठरलं.

मला या धाग्यात हेच म्हणायचंय. आईंच्या सहा औषधांनी फारतर पैसे जास्त गेले असतील. डोळे जातात ते एका बाटलीने, आणि ती बहुतेक वेळा स्टिरॉइडची असते.

काउंटर_नंबर_चार | बुधवार, सकाळी 7:50

यातली कायद्याची गंमत सांगतो. मार्च 2014 पासून एच-वन शेड्यूल (जास्त कडक नियमांची औषधयादी) आलं. मॉक्सीफ्लॉक्सासिन त्यात आहे आणि डोळ्याचे ड्रॉपसुद्धा धरलेत, म्हणजे डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं, वेगळ्या रजिस्टरला नोंद, तीन वर्षं जपायची. नुसतं स्टिरॉइडचं बघाल तर साधं एच शेड्यूल, चिठ्ठी हवी पण ते रजिस्टर नाही. मी तरी नोंद ठेवायचो, हसायचे लोक.

एक मुलगा लक्षात राहिलाय. दहा अकरा वर्षांचा, उन्हाळा आला की डोळे चोळून लाल करायचा, ॲलर्जी. कुणीतरी डॉक्टरने एकदा पंधरा दिवसांसाठी स्टिरॉइड लिहिलेलं. आईने ती चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली, घड्यांवर फाटून चार तुकडे झालेले, सेलोटेपने जोडलेले. दर महिन्याला ती दाखवून तेच घ्यायची, कुठल्या कुठल्या दुकानांतून, दोन वर्षं. माझ्या खिडकीवर आली तेव्हा मी तारीख वाचली आणि तिला तसंच वर ओपीडीत पाठवलं. डोळ्याचं प्रेशर वाढलेलं होतं, नस सुकायला लागलेली. बाई रडत होती की डॉक्टरनेच लिहून दिलंय हो, मी मनाने नाही घातलं. आणि खरंच होतं तिचं.

शिरीषफूल | बुधवार, सकाळी 11:15

बाप रे. हे वाचून माझ्या मुलाचे ड्रॉप आत्ता कपाटातून काढून बघितले, ओलोपॅटाडीन आहे, हे चालतं ना?

निवांत_डॉक | बुधवार, दुपारी 2:10

चालतं, ते ॲलर्जीचं आहे, स्टिरॉइड नाही. नाव संपताना "सोन", "लोन" किंवा "प्रेडनॉल" असं ऐकू आलं (डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल) की विचारायचं. डायफ्लुप्रेडनेट मात्र या युक्तीत सापडत नाही आणि ते सगळ्यात जोरदारपैकी. साधारण तीनातल्या एकाला स्टिरॉइड ड्रॉपने थोडंफार प्रेशर वाढतं, शंभरात पाचेक जणांना खूपच, आणि मुलांत जास्त जपायला लागतं. दुखत नाही काही, म्हणून कळत नाही.

शिरीषफूल | बुधवार, दुपारी 2:31

धन्यवाद डॉक. माझ्या बाबांचं उलट झालं. त्यांना काचबिंदू, टिमोलॉल लिहिलं. बाबांना दमा आहे. डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं नाही आणि बाबांनी सांगितलं नाही, कारण डोळ्याच्या थेंबाचा छातीशी काय संबंध? तीन रात्री बसून काढल्या. चौथ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी सगळी औषधं टेबलावर मांडायला सांगितली आणि त्यांचं बोट थेट त्या छोट्या बाटलीवर गेलं. बदलून लॅटानोप्रोस्ट दिलं, रात्री एक थेंब. आता पापण्यांचे केस लांब झालेत, 76 व्या वर्षी, आई चिडवते.

पण मला इथल्या "किती दिवस" बद्दल भर घालायचीय. काचबिंदूत लोक उलट मधेच बंद करतात. बाबांनी पण केलं होतं, बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं समजून. तिथे "कायमचं" हा शब्द कुणी चिठ्ठीवर लिहीत नाही.

काउंटर_नंबर_चार | बुधवार, सायं. 6:20

+1. "बाटली संपेपर्यंत" हा एकच हिशोब पेशंटला कळतो. स्टिरॉइड असो का काचबिंदूचं.

थेंब घातला की डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून ठेवायचं, म्हणजे औषध नाकातून रक्तात कमी जातं. टिमोलॉलला तर हे पाहिजेच. आणि एकच थेंब, दुसरा घातला तर तो गालावरच येतो, डोळ्यात तेवढी जागाच नसते. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर.

दूरदेशी | बुधवार, रात्री 11:48

लीड्सहून. इथे डोळ्याला इन्फेक्शन म्हटलं की पहिलं क्लोरॅमफेनिकॉल, 2005 पासून ते फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळतं, फ्रीजमध्ये ठेवायचं. मॉक्सी वगैरे सहसा हॉस्पिटलच लिहितं. स्टिरॉइड ड्रॉप मात्र चिठ्ठीशिवाय हात जोडले तरी देणार नाहीत. पुण्याला आले तेव्हा मेडिकलात नुसतं "डोळे आलेत" म्हटल्यावर त्याने समोर तीन बाटल्या मांडल्या आणि विचारलं, साधा देऊ की स्ट्राँग?

बंड्या_परत_आला | गुरुवार, सकाळी 8:30

"साधा की स्ट्राँग" हे उडप्याच्या हॉटेलात विचारतात 😂

2023 ला आळंदीत डोळे आले होते सगळ्यांचे आठवतं? पावसाळ्यात, शाळाच्या शाळा. आमच्या सोसायटीत एकच बाटली चार घरांत फिरली. आता खरं सांगा त्याचा उपयोग झाला का?

निवांत_डॉक | गुरुवार, सकाळी 8:55

साथीत येतात ते डोळे व्हायरसने, अँटिबायोटिकचा त्याच्यावर उपयोग नाही. आपोआप आठ-दहा दिवसांत बरे होतात, थंड पाण्याच्या पट्ट्या, ओलाव्याचे ड्रॉप, हात धुणं. बाटली चार घरांत फिरली म्हणजे व्हायरसही चार घरांत फिरला. पण ओपीडीत सव्वाशे माणसं रांगेत असताना "काही देत नाही, जा घरी" म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती, मीही मॉक्सी लिहिलं. लोक दुसऱ्या डॉक्टरकडे जातात आणि तिथे त्यांना "स्ट्राँग" मिळतं, हा माझा बचाव. फार भक्कम नाहीये, माहितीये मला.

फार्माकट्टा | गुरुवार, सकाळी 9:20

डॉक, हे तुम्ही आमच्या कॉलेजात येऊन बोलाल का? केसपेपरवरून एवढं कधीच कळत नाही.

मीठमिरची | शुक्रवार, सायं. 5:15

अपडेट. आज दहावा दिवस, आईला दाखवून आलो. मी हा धागा वाचून गेल्यामुळे जरा घाबरतच विचारलं की ही एकत्र बाटली अजून किती दिवस. डॉक्टर मॅडमनी वर बघितलं, हसल्या, चिडल्या नाहीत. एकत्रची बंद करून नुसतं प्रेडनिसोलोन दिलं, हलवून घालायचं म्हणाल्या, नेपाफेनॅक अजून 18 दिवस. गोळ्यांबद्दल म्हणाल्या की हॉस्पिटलचा छापील शिक्का आहे, सगळ्यांना तोच मारतात सिस्टर. म्हणजे खरंच शिक्का, रबरी! मी तिथेच पेन पुढे केलं आणि प्रत्येक औषधापुढे बंद करायची तारीख लिहून घेतली. मागच्या रांगेतल्या आजोबांनी पण आपला कागद पुढे केला, आमच्या पण टाका म्हणाले.

आईने आता रबर काढून बाटल्यांना चिकटपट्टी लावलीय आणि त्यावर तारखा लिहिल्यात.

एक शेवटचं, ती जुनी एकत्र बाटली अर्धी उरलीय. बाबांचं डाव्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात आहे, त्यांना चालेल का?

काउंटर_नंबर_चार | शुक्रवार, सायं. 5:40

नाही. आजच टाका.